पाचवा रविवार

पदवीची परीक्षा संपली की आपल्या जिल्ह्यातील मुलगा सहसा पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो. आधी नागपूर, मग पुणे, जमल्यास मुंबई. अलीकडे मात्र काही पावले दक्षिणेकडेही वळू लागली आहेत. नागपूरहून बल्लारशा, काझीपेठ करीत जाणारी गाडी एका रात्रीत हैदराबादेस पोहोचवते. अमीरपेठेतील संगणकाचा एखादा कोर्स, बँकेच्या परीक्षेची शिकवणी, कंपनीतील रात्रपाळी, रुग्णालयातील नोकरी, अशा कोणत्या तरी निमित्ताने ही मंडळी तेथे जातात. नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती मिळाल्यावर आठवड्यातून जो एक दिवस आपल्या हाती उरतो, त्याचे काय करावे, एवढाच प्रश्न मला येथे मांडावयाचा आहे.

हा काय प्रश्न झाला, असे कोणी म्हणेल. एवढे मोठे शहर! पाहण्यासारखे काय थोडे आहे? ते खरेच आहे. पहिला रविवार चारमिनारचा. १५९१ साली मुहंमद कुली कुतुबशहाने उभारलेली ती वास्तू, तिच्याभोवतीचा बांगड्यांचा बाजार, इराणी चहा. दुसरा गोवळकोंड्याचा. फतेह दरवाजाशी टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू येते, आणि आपल्यापुढचे पन्नास पर्यटकही तीच टाळी वाजवीत असतात. मराठी मुलाला येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण १६७७ साली दक्षिण दिग्विजयास निघालेले शिवाजीमहाराज याच भागानगरात अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. तिसरा रविवार हुसेनसागराचा. तलावांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला तलावाचे काय अप्रूप, असे वाटेल. पण सोळाव्या शतकात बांध घालून केलेला हा जलाशय, त्याच्या मध्यभागी १९९२ मध्ये उभा राहिलेला बुद्धाचा अखंड शिळेचा पुतळा, आणि जवळच २०२३ च्या १४ एप्रिलला अनावरण झालेला बाबासाहेबांचा १२५ फुटांचा पुतळा, हे पाहताना आपल्यापैकी अनेकांचे पाऊल अडखळेल. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातूनच उभे होते आणि आपण त्यांना निवडून दिले नाही, हेही तेथे आठवल्यावाचून राहत नाही.

चौथा रविवार सालारजंग संग्रहालयाचा. तेथे 'बुरख्यातील रिबेका' हे बेंझोनीचे संगमरवरी शिल्प आहे. दगडाचा बुरखा आणि त्याआडून दिसणारा दगडाचाच चेहरा! पण गर्दी असते ती घड्याळापुढे. दर तासाला त्यातून एक चिमुकला माणूस बाहेर येतो आणि ठोके देऊन आत जातो. बारा वाजता सर्वांत अधिक ठोके, म्हणून बाराला सर्वांत अधिक माणसे. मला मात्र त्या वस्तूंपेक्षा त्या जमवणाऱ्याचे कुतूहल अधिक वाटते. तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, १९१४ साली निजामाच्या दिवाणपदावरून दूर झाले तेव्हा पंचविशीत होते. १९४९ साली ते वारले. मधली पस्तीस वर्षे रिकामी! पैसा अमाप, काम काहीच नाही. त्यांनी वस्तू जमवल्या. वडिलोपार्जित संग्रह होताच. तो एवढा वाढवला की आज एका दिवसात पाहून होत नाही.

आपल्यापाशी सालारजंगांचा पैसा नाही. रविवार मात्र आहे. आणि हे चार रविवार संपल्यावर पाचवा उजाडतो.

पाचव्या रविवारी मुलगा उशिरा उठतो. कपडे धुतो. मेसमध्ये जेवतो. पुढे मोबाइल. संध्याकाळी घरी फोन करतो आणि "इथं करमत नाही" असे म्हणतो. घरचे म्हणतात, येऊन जा. अशी दोन वर्षे हैदराबादेत काढून परतलेले तरुण आपण पाहिले आहेत. त्यांना शहर कसे आहे असे विचारले तर ते खोलीचे भाडे सांगतात.

दोष त्यांचा नाही, असे मला वाटते. आपल्याकडे करायला काय आहे हे शोधावे लागतच नाही. काम आणि करमणूक दोन्ही आपल्याला शोधत येतात. रोवणी आली की घरातील प्रत्येक हात बांधीत. दिवाळी झाली की मंडई, मंडईच्या रात्री दंडार किंवा नाटक, आणि झाडीपट्टीतील नाटक म्हणजे पहाटेपर्यंत जागरण. लग्नसराईत कोणाच्या मांडवात वाढायला उभे राहायचे हे आपल्याला कोणी विचारतही नाही, हाक मारतात. मांडवातून आपण नाहीसे झालो तर पाच मिनिटांत कोणीतरी म्हणते, "काहून, तो कुठं गेला?" एवढ्या मोठ्या शहरात हा प्रश्न विचारणारे कोणी नसते. करमत नाही ते यामुळे. पाहण्याची ठिकाणे संपली म्हणून नव्हे.

म्हणून माझे मत असे की परक्या शहरात जागा शोधावी ती आपण गेलो नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटेल अशी. बागेला, चित्रपटगृहाला, मॉलला आपण आलो काय आणि न आलो काय, सारखेच. अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक लागतो. तो आला नाही तर त्याचे वर्षच धोक्यात येते. कला शाखेच्या पदवीधराला हे काम सहज जमणारे आहे. आपल्यापाशी सुवाच्य अक्षर आहे आणि तीन तास एका जागी बसून लिहिण्याची सवय आहे. या पदवीने आणखी काय दिले याबद्दल मतभेद असतील, पण एवढे नक्की दिले. कोणाला क्रिकेटचा संघ सापडेल, कोणाला विहार, कोणाला भजनीमंडळ. माझा एक मित्र तेथे राहत्या घराजवळच्या एका मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला जाऊ लागला. त्याला भाषा येत नव्हती, खेळही बेताचाच. तिसऱ्या आठवड्यात तो गेला नाही तर दोघे जण खोलीवर बोलवायला आले. त्या दिवसापासून त्याने घरी "करमत नाही" म्हटलेले नाही.

येथे कोणी सुचवील की मग महाराष्ट्र मंडळात जावे, आपली माणसे भेटतील. जरूर जावे. हैदराबादचे मराठीपण काही कालपरवाचे नाही. विवेकवर्धिनी शाळा १९०७ पासूनची. तेथे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मराठी साहित्य परिषद आहे, तिचे 'पंचधारा' हे नियतकालिक अभ्यासकांना ठाऊक आहे. उस्मानिया विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. काचीगुडा, सुलतानबाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस त्यांच्या आणि आपल्या दोघांच्याही इतिहासात आहे. त्याच दिवशी विदर्भाबरोबर आपला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्याच दिवशी मराठवाडाही हैदराबाद राज्यातून निघून त्याच राज्यात आला. आपण जमिनीसह मराठी राज्याच्या दिशेने सरकलो. हैदराबाद शहरातील मराठी माणसे मात्र जागच्या जागी राहिली आणि राज्यच त्यांच्याभोवती बदलले. २०१४ मध्ये तेलंगण झाले तेव्हा ते पुन्हा एकदा बदलले. पायाखालचे राज्य बदलत असताना आपली भाषा कशी टिकवावी आणि शेजाऱ्याची कशी शिकावी, हे या लोकांकडून ऐकण्यासारखे आहे. पण रविवारी मंडळात जाऊन केवळ पुरणपोळी आणि "आमच्याकडे असं नसतं" यावरच आपण येणार असू, तर खोलीतील मोबाइल काय वाईट?

तेलुगूत आपल्यासारखीच एक सोय आहे. हिंदीचा 'हम' ऐकणाऱ्याला धरून आहे की वगळून, हे कळत नाही. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. तेलुगूतही तसेच: 'मेमु' म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही, 'मनमु' म्हणजे तुम्हाला धरून आपण. मंडळात बसून माणूस 'मेमु' पक्का करतो. 'मनमु' म्हणायला रस्त्यावर यावे लागते, आणि त्यासाठी तेलुगू यावी लागते.

हैदराबादेत हिंदी चालते, मग तेलुगू कशाला, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. चालते हे खरे. तेथील दखनी तर आपल्याला जवळचीच वाटते. तिच्यातला 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ आहे. पण हिंदीने भाजी मिळते, रिक्षा मिळते; बसची पाटी, कामवालीचे दुःख, कार्यालयातील विनोद हे तेलुगूत असतात. आणि ही भाषा वाटते तेवढी दूर नाही. लिपी गोल असली तरी वर्णमालेचा क्रम आपलाच: क, ख, ग, घ. आपल्या झाडीबोलीत 'ळ' नाही, डोळ्याला आपण 'डोरा' म्हणतो. तेलुगूत तो 'ळ' ठणठणीत आहे. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर दुकानांच्या पाट्या बोलू लागतात, आणि पाट्या बोलू लागल्या की बसमधला तास वाया जात नाही.

या बाबतीत आपल्याआधी शिकून बसलेले लोक आपल्याच गावात आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष नाही. झाडीपट्टीतून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजूर बायांना तेलुगू आकडे येतात, मजुरीचा हिशेब येतो, मुकादमाशी भांडण्यापुरते शब्दही येतात. त्यांना कोणी वर्ग घेतला नाही. त्यांना रविवारही नसतो. रिकाम्या दिवसाचे काय करावे हा प्रश्न ज्याला पडतो त्याने हेही लक्षात ठेवावे की तो दिवस मिळणे हीच मोठी चैन आहे.

शिकण्याची हौस म्हणजे काय हे पाहावयाचे तर सेतुमाधवराव पगडींचे उदाहरण आहे. निलंग्याचा हा मराठी माणूस निजामाच्या मुलकी सेवेत अधिकारी होता. आदिलाबादकडे नेमणूक झाली. अधिकाऱ्याला दुभाषा मिळतो, चपराशी मिळतो. दौरा आटोपून बंगल्यावर पडून राहिले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी गोंडांची भाषा शिकून घेतली, १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले. उर्दू, फारसी होतीच. गोंडी ही तेलुगूच्याच द्राविडी कुळातली, आणि ती आपल्याही जिल्ह्यात बोलली जाते. आपल्यापैकी कितीजणांना तिचे दहा शब्द येतात?

मुलींच्या बाबतीत हे सगळे अधिक अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. वसतिगृहाचे दार ठराविक वेळेला बंद होते, घरून रोज दोनदा फोन येतो, "रविवारी बाहेर कशाला?" हा प्रश्न मुलाला विचारला जात नाही, मुलीला विचारला जातो. तरीही अफझलगंजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही जागा मी सुचवीन. १८९१ साली आसफिया ग्रंथालय म्हणून ते सुरू झाले. मुसी नदीकाठची ती भव्य इमारत पाहिली तरी जावेसे वाटेल. अनेक भाषांची पुस्तके तेथे आहेत, मराठीही आहेत. वाचनालयात गेले होते, या उत्तराला घरचे सहसा हरकत घेत नाहीत. शिवाय अबिड्सच्या पदपथावर रविवारी जुनी पुस्तके मांडलेली असतात. तेथे मैत्रिणीबरोबर जावे आणि घासाघीस हिंदीत करू नये, निदान आकडे तरी तेलुगूत म्हणावेत.

एक सूचना महाविद्यालयाला. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन होते, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे होतात. शनिवारी दुपारी एक तास तेलुगूच्या लिपीचा वर्ग सुरू करावा. आपली वैनगंगा वर्धेला मिळून, प्राणहिता होऊन आपल्या कितीतरी आधी तेलंगणाच्या सीमेवर पोहोचली आहे. आपले विद्यार्थीही त्याच दिशेने निघाले आहेत, तर त्यांच्या खिशात पन्नास अक्षरे तरी असावीत. शिकवणार कोण, असा प्रश्न प्राध्यापक-कक्षात निघेल. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरीच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांत तेलुगू बोलणारे एखादे घर सापडावे. त्या गृहस्थांना विनंती करायला जाल तेव्हा ते स्वतः आपला रविवार भंडाऱ्यात कसा घालवतात, आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी मंडईला नेले आहे का, हेही विचारून यावे.