वामनदादा आणि आमचा अभ्यासक्रम

गेल्या वर्षी वर्गात सरांनी प्रत्येकाला आवडता कवी विचारला. वामनदादा कर्डकांचे नाव माझ्या ओठांवर आले होते; पण पुढच्या बाकांवरून एकेक नाव येऊ लागले तसा माझा धीर सुटला. पाठ्यपुस्तकातल्या एका कवीचे नाव सांगून मी खाली बसलो. त्या दिवशी मी खोटे बोललो, ही बोच अजून गेलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई शाळेत गेली नाही. पण वामनदादांची वीस-पंचवीस गाणी तिला तोंडपाठ आहेत. कापूस वेचताना ती गुणगुणते, १४ एप्रिलला वस्तीतल्या बायांबरोबर मोकळ्या गळ्याने गाते. गाण्याच्या शेवटी 'वामन' हे नाव येते. लहानपणी मला वाटे, हा वामन आमच्याच आळीतला कोणी असणार!

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत काम केले, चिक्की विकली. एकदा कोणी त्यांच्याकडून पत्र वाचून घ्यायला आले. वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळले. मग एका मास्तरांकडून ते मुळाक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरांपर्यंत पोचले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. पहिला संग्रह 'वाटचाल' निघाला १९७३ साली. मधली तीस वर्षे ही गाणी कशावर जगली? माझ्या आईसारख्यांच्या गळ्यावर! बाबासाहेबांचा विचार घेऊन ते गावोगाव गात फिरले. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' चित्रपटातही त्यांचे गीत आहे; पण ते सिनेमात रमले नाहीत, वस्त्यांकडेच परतले. १५ मे २००४ रोजी ते गेले.

असा माणूस आमच्या वर्गात कवी म्हणून का येत नाही? काही मित्र म्हणतात, ही प्रचाराची गाणी आहेत आणि चालीही कित्येकदा सिनेमाच्या. मला हे पटत नाही. ज्याच्या घरात पुस्तक नाही, त्याला ओळखीची चाल हेच पुस्तक. चाल आधीच ठाऊक असली की शब्द एका रात्रीत पाठ होतात आणि सकाळी शेतावर जातात. प्रचाराचे म्हणाल, तर माणसाला माणूस म्हणा हे सांगणे प्रचार असेल, तर आपल्या संतांनी दुसरे काय केले? 

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्यांनी हजारो गाणी रचली. ती सारीच सारख्या तोलाची नाहीत. काही प्रसंगापुरती आहेत, प्रसंगाबरोबर सरली. पण म्हणूनच ती निवडून, पारखून वाचायला हवीत. ही पारख करणे हे महाविद्यालयाचेच काम नव्हे काय? नुसता जयंतीला हार घालून ते भागत नाही. हार घालणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे बोलतो.

माझी मराठी विभागाला एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण खेड्यांतून येतात. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावात गायिली जाणारी वामनदादांची पाच गाणी, गाणाऱ्याच्या तोंडची जशीच्या तशी, वहीत उतरवून आणावीत. छापील पाठाशी ताडून पाहावीत. शब्द कुठे बदलला, का बदलला, यावर एक तास चर्चा व्हावी. यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

मी सुरुवात केली आहे. आई गाते, मी लिहितो. परवा एक कडवे लिहून तिला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "एक शबूद चुकला बघ तुजा." चूक माझीच होती.

— द्वितीय वर्ष, कला