कांदा चिरण्यालाही मार्क असतात!

मैत्रिणींनो, टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा आपण सगळ्याच बघतो. कुणी दुपारची आवराआवर झाल्यावर, कुणी रात्री लेकीच्या मोबाइलवर. बघताना आपलं सगळं लक्ष असतं ते शेवटच्या ताटलीकडे. रंग कसा आलाय, सजावट कशी केलीय, घास घेतल्यावर परीक्षकांचा चेहरा कसा झाला! पण अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ’ या स्पर्धेत एक वेगळीच फेरी पाहायला मिळाली. तिथे ताटली नाही, सजावट नाही, चवही नाही. गॅससुद्धा पेटवायचा नाही. फक्त निवडायचं, सोलायचं, चिरायचं, फेटायचं. म्हणजे तुम्ही-आम्ही रोज सकाळी जे करतो तेच!

‘ब्राव्हो’ वाहिनीवर २००६ साली ही स्पर्धा सुरू झाली. तिथले स्पर्धक हौशी नसतात, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम केलेले व्यावसायिक शेफ असतात. २००७ च्या तिसऱ्या पर्वात त्यांना चक्क शाळेत असते तशी रिले शर्यत दिली. प्रत्येक संघातल्या एकानं कालवं फोडायची, दुसऱ्यानं कांदे बारीक चिरायचे, तिसऱ्यानं अख्ख्या कोंबडीचे तुकडे करायचे आणि चौथ्यानं अंड्यातला पांढरा बलक घट्ट होईपर्यंत हातानं फेटायचा. एकाचं काम परीक्षकांनी पाहून पसंत केलं की मगच पुढच्यानं सुरी उचलायची. २००८ च्या चौथ्या पर्वात पुन्हा तशीच शर्यत झाली. तेव्हा संत्र्याच्या फोडी सालीशिवाय सोडवणं, आर्टिचोक नावाची जाड पाकळ्यांची भाजी साफ करणं, मंकफिश हा मासा कापणं आणि हातानं मेयोनीज घोटणं अशी कामं होती.

कोकणातल्या मैत्रिणींना कालवं फोडणं म्हणजे काय ते सांगायला नको. आणि कांद्याबद्दल तर कुणालाच काही सांगायला नको!

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या शेफना कांदा चिरायला कसला लावता? पण त्यांच्या धंद्यात या तयारीला फार मान आहे. तिला एक फ्रेंच नावच आहे, ‘मीझ आँ प्लास’. अर्थ अगदी साधा, सगळं जागच्या जागी मांडून ठेवणं. ऑग्युस्त एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच आचाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात स्वयंपाकघराची कामं वाटून दिली. सॉसचं काम एकाकडे, भाज्यांचं दुसऱ्याकडे, थंड पदार्थांचं तिसऱ्याकडे. आज जगभरातली मोठी हॉटेलं कमी-अधिक त्याच पद्धतीनं चालतात. नवा मुलगा कामाला लागला की त्याला आधी बसवतात ते चिरायला आणि सोलायला. तयारी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, हे त्यांनी धंद्याचं सूत्रच मानलंय.

त्या २००७ च्या शर्यतीतले दोघं जण लक्षात राहतात. हंग हुइन या व्हिएतनामी वंशाच्या तरुणानं कोंबड्यांचे तुकडे इतक्या झपाट्यानं केले की, बघणारे बघतच राहिले. आणि केसी थॉम्पसन ही शेफ कांदे चिरत होती, एकेक काप नीट, सावकाश. तिचे कांदे संपेचनात! तिचा संघ हरला. पुढे हंग त्या पर्वाचा विजेता झाला. पण कांद्याला वेळ लावणारी केसीही शेवटच्या तिघांत पोचली होती. म्हणजे हाताचा वेग ही मोठी गोष्ट आहे खरी, पण स्वयंपाक काही नुसत्या वेगावर चालत नाही.

मला या फेरीत सगळ्यात आवडलं ते हे की, तिथे तयारीला घड्याळ लावलेलं असतं. परीक्षक वाकून कांद्याचे तुकडे बघतात. सारखे नसतील तर परत करायला लावतात. थोडक्यात, कांदा चिरण्यालाही मार्क असतात!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे काम कुणाच्या हिशेबातच नाही. पटत नसेल तर कुठलीही पाककृती काढून बघा. अगदी आपल्या पुरवणीतलीसुद्धा. ‘साहित्य : दोन वाट्या सोललेले वाल, एक वाटी खवलेलं खोबरं, बारीक चिरलेली कोथिंबीर, भिजवलेली डाळ, चिंचेचा कोळ, भाजलेल्या दाण्यांचं कूट.’ आणि खाली लिहिलेलं असतं, ‘वेळ : वीस मिनिटं.’ वीस मिनिटं? अहो, ते वाल परवा रात्री भिजत घातले, काल फडक्यात बांधून मोड आणले, आज कोमट पाण्यात टाकून एकेक सोलले, तेव्हा कुठे त्या दोन वाट्या झाल्या. चिरलेली, सोललेले, खवलेलं, भिजवलेली. या ‘लेला-लेली-लेले’मध्ये कुणाचे तरी हात लपलेत आणि ते कुणाचे, हे तुम्हाला-मला चांगलं ठाऊक आहे.

टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमांतही काचेच्या छोट्या वाट्यांत सगळं मांडून तयार असतं. बाई हसतमुखानं एकेक वाटी कढईत ओततात आणि पदार्थ तयार. घरातले ते बघतात आणि म्हणतात, ‘बघ, किती पटकन होतं!’ त्या वाट्या कुणी भरल्या, हे पडद्यावर कधी दिसतच नाही.

केळफुलाची भाजी घ्या. हाताला तेल लावून बसायचं, प्रत्येक फुलातली काडी आणि ती पारदर्शक पाकळी ओढून काढायची, चिरून ताकाच्या पाण्यात टाकायचं, रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी फोडणीला दहा मिनिटं. जेवणाऱ्यानं ‘छान झालीय’ म्हटलं तरी त्याच्या डोळ्यांसमोर ती दहा मिनिटंच असतात.

केंद्र सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराचं देशभर सर्वेक्षण केलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे पाच तासांना फक्त अकरा मिनिटं कमी. आणि जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटं. यात झाडलोट, धुणीभांडी सगळंच आलं. पण त्यातला केवढा भाग निवडण्या-सोलण्यात जातो, हे आपल्याला सांगायला सर्वेक्षण नको. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल मान्य केलं. न्यायालयाला जे दिसतं, ते घरच्यांना दिसायला हरकत नसावी, नाही का?

हा नुसता मानापानाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. हा पैशाचाही प्रश्न आहे. मी ज्या बचत गटाबरोबर काम करते, त्या बायका लग्नामुंजीच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतात. दोन वर्षांपूर्वी दीडशे पानांची मुंज होती. मसालेभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. गटानं आकडा सांगितल्यावर यजमान म्हणाले, ‘अहो, चार तासांत स्वयंपाक होतो. एवढे पैसे कशाचे?’ बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. कुणी कधी मोजलंच नव्हतं ना!

मग आम्ही वही घेऊन बसलो. आदल्या दुपारपासून सहा जणी पाच-पाच तास बसणार. अळू निवडायचं, देठं सोलायची, हाताला खाज सुटते ती वेगळीच. नारळ फोडून खवायचे, लसूण सोलायचा, तांदूळ निवडायचे, कोथिंबीर धुऊन चिरायची, काकड्या कोचवायच्या. हे झाले तीस तास. आणि दुसऱ्या दिवशी चुलाण्यासमोर दोघी, चार-चार तास. म्हणजे आठ. तयारीचे तीस आणि शिजवण्याचे आठ! यजमानांनी आकडे बघितले, थोडी घासाघीस केली आणि मान्य केलं. तेव्हापासून गटाच्या दरपत्रकात ‘पूर्वतयारीची मजुरी’ अशी वेगळी ओळ असते. एक-दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. पण निवडायला बसणाऱ्या बायकांना आधी ‘वरकामाच्या’ म्हणून कमी पैसे मिळायचे, ते आता चुलाण्याजवळच्या दोघींइतकेच मिळतात. हा बदल मला मोठा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, आता मिक्सर आहेत, सोललेला लसूण आणि निवडलेली मेथी पाकिटात मिळते. मिळते ना! ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावी, त्यात कमीपणा कसला? पण गावात बाजार आठवड्यातून एकदा भरतो तिथे पाकिटं कुठून आणणार? आणि मिक्सर वाटून देतो, निवडून देत नाही.

दुसरं कुणी म्हणेल, हिशेब मांडला की स्वयंपाकातली माया जाते. आमच्या लहानपणी वाड्यात आई, काकू, आत्या मिळून वाल सोलायला बसायच्या. गप्पा, उखाणे, थट्टामस्करी चालायची. ते दिवस खरंच गोड होते. पण तिथे चार जणी होत्या! टीव्हीवरच्या त्या रिलेतही चार जण असतात. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काम जातं, तेव्हाच तिला रिले म्हणायचं. आपल्या आजच्या घरात मात्र निवडणारीही तीच, चिरणारीही तीच, शिजवणारीही तीच, वाढणारीही तीच. एकटीनंच धावायचं तर त्याला रिले कसं म्हणणार?

याच कार्यक्रमाच्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या भावंडाची एक गोष्ट सांगते. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याचे शेफ फ्लॉइड कार्डोझ २०११ साली त्याचे विजेते ठरले. अंतिम फेरीत त्यांनी काय केलं होतं माहिती आहे? मशरूम घातलेला उपमा! त्या विजयाचे एक लाख डॉलर कर्करोगाच्या संशोधनासाठी गेले. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं ते गेले. आपण ‘आज काही केलं नाही, नुसता उपमाच टाकलाय’ असं म्हणतो ना, तो हा उपमा. आपल्या कामाला ‘नुसतं’ म्हणण्याची सवय आधी आपणच सोडायला हवी.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या महिला मंडळानं नेहमीच्या पाककृती स्पर्धेऐवजी तयारीची रिले घेतली. चौघांचा घरगुती संघ, पण त्यात बाई एकच असायची, अशी अट. गवार मोडणं, लसूण सोलणं, नारळ खवणं आणि कोथिंबीर निवडणं ही कामं. मार्क वेगाला कमी आणि नीटपणाला, कमी वाया घालवण्याला जास्त. कुणी घाईत बोट कापून घेऊ नये म्हणून तसं ठरवलं. टीव्हीवरच्या घाईचं आपल्याला काय करायचंय? काय मजा आली म्हणून सांगू! एक काका कोथिंबिरीची जुडी हातात धरून विचारत होते, ‘काडी ठेवायची की टाकायची?’ एका कॉलेजकुमारानं गवारीच्या शिरा न काढताच मोडून दिल्या, त्या परीक्षक आजींनी परत पाठवल्या. खवणीवर बसलेले एक गृहस्थ अर्ध्या नारळानंतर म्हणाले, ‘पाठ भरून आली हो!’ टाळ्या पडल्या. पण त्यांची बायको शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘सणाला मी सात खवते.’ त्यावर कुणी हसलं नाही.

अशी शर्यत कुठल्याही गावात घेता येईल. खर्च भाजीचाच आणि ती भाजी शेवटी कुणाच्या तरी घरी शिजतेच. भोंडल्याला घ्या, हळदीकुंकवाला घ्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुला-मुलींसाठी घ्या. मुलगे त्यात हवेतच. लसूण सोलायला मुलीचेच हात लागतात, असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि एक विनंती. यापुढे पुरवणीला पाककृती पाठवताना वेळ दोन ओळींत लिहा. पहिली ओळ तयारीची, दुसरी शिजवण्याची. ‘वालाचं बिरडं. मोड आणायला दीड दिवस, सोलायला एक तास, शिजवायला वीस मिनिटं.’ छापून आलं की घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. मग जो पहिल्यांदा म्हणेल, ‘दे इकडे, थोडे मी सोलतो’, त्याच्यापुढे वालाची परात सरकवा आणि तो सोलत असताना मध्ये बोलू नका. दोन-चार वाल फुटले तरी चालतील.