आभाळ कोरडे, तरी तापीला पूर

खास प्रतिनिधी

दोंडाईचा : समुद्रात उतरणाऱ्याला भरती-ओहोटीची वेळ निदान आधी कळू शकते, तिचे वेळापत्रक वर्षभर अगोदर छापून तयार असते. तापीकाठच्या माणसाला तेवढीही सोय नाही. येथील भरती चंद्रावर अवलंबून नसून भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांवर अवलंबून आहे. ते दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे, हे मध्य प्रदेशात बैतूल-बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात मेळघाटाच्या बाजूला किती पाऊस झाला यावर ठरते. त्यामुळे दोंडाईचा परिसरात कडक ऊन पडलेले असताना सारंगखेड्याला घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जाऊ शकतात. ‘पाऊस नाही, म्हणजे नदीला पाणी नाही’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आडाखा तापीने केव्हाच मोडीत काढला आहे. आपण मात्र अजून त्याच्याच भरवशावर पात्रात उतरतो.

हतनूरपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत तापी आता सलग वाहणारी नदी राहिलेली नाही. शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजची मालिका तिच्यावर उभी आहे आणि पुढे उकाईचे जलाशय. सिंचनासाठी ही कामे गरजेची होती, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांनी नदीचा स्वभाव बदलला. बॅरेजच्या वरच्या अंगाला पाणी संथ आणि खोल झाले. पूर्वी कोठे उतार आहे, कोठे डोह आहे हे काठावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असे. आज ते उतार फुगवट्याखाली गेले आहेत, तळाशी गाळ साचला आहे आणि वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्याच पावलाला बुडतो, तो यामुळे. अशा वेळी पोहता येणे पुरेसे ठरत नाही, कारण गाळात पाय रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही दम संपतो.

बॅरेजच्या खालच्या अंगाला धोका याहून मोठा आहे. भिंतीवरून किंवा दरवाजाखालून वेगाने आलेले पाणी तळाशी आदळते आणि त्याचा पृष्ठभागावरचा थर उलट फिरून पुन्हा भिंतीकडे येतो. या चक्रात सापडलेली वस्तू, मग ती ओंडका असो, बोट असो की माणूस, बाहेर फेकली न जाता तेथेच वर-खाली फिरत राहते. पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगणेही कठीण होते. काठावरून पाहणाऱ्याला मात्र तेथे पांढरा फेस आणि मासे धरायला सोयीची जागा एवढेच दिसते.

या भोवऱ्याची ताकद धुळ्याने जवळून अनुभवली आहे. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेण्यासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक गेले होते. बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि दलाच्या तिघा जणांचा मृत्यू झाला. प्रशिक्षण घेतलेल्या, साधने हाताशी असलेल्या पथकाची ही गत झाली, तर हाफ पँटवर उडी मारणाऱ्या मुलांचे काय? त्याच्या दोनच दिवस आधी, २१ मे रोजी, उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा बळी गेला. विस्तीर्ण जलाशयावर वारा अडवायला काही नसते आणि पाहता पाहता लाटा उठतात. सारंगखेडा आणि प्रकाशाचे फुगवटे उजनीएवढे मोठे नाहीत, पण भर पाण्यात वावटळ गाठली तर छोट्या होडीला तेथेही आसरा नाही.

इशाऱ्याची यंत्रणा नाही असे कोणी म्हणणार नाही. विसर्ग वाढला की ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ असे पत्रक निघते, गावात दवंडी दिली जाते. अडचण त्या पत्रकाच्या भाषेत आहे. अमुक हजार क्युसेक हा आकडा अभियंत्याला कळतो; घाटावर धुणे धुणाऱ्या बाईला किंवा गणेश विसर्जनासाठी आलेल्या मंडळाला त्यातून काय बोध होणार? तेच पाणी ‘आज सायंकाळी घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत येईल’ असे सांगितले आणि त्या पायरीवर तांबडा पट्टा ओढून ठेवला, तर खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे. शिवाय एकच विसर्ग जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांतून जातो. प्रकाशा येथे घाटावर उभ्या असलेल्या माणसाला हतनूरची बातमी आपली वाटत नाही, आणि ती त्याची आहे हे त्याला सांगण्याचे काम नेमके कोणाचे, हे तीन प्रशासनांच्या मध्ये कोठेतरी हरवते.

हे होईपर्यंत काठावरच्या माणसाने आभाळाकडे नव्हे, हतनूरकडे पाहावे. पाणी एकाएकी गढूळ झाले, काडीकचरा वाहून येऊ लागला किंवा खडकावरची ओल वर सरकली, तर सामान सोडून बाहेर पडावे. बॅरेजच्या जवळ, वर किंवा खाली, पोहू नये. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेण्यापेक्षा दोर, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. एकामागोमाग दोघे-तिघे बुडतात ते बहुधा वाचवायला गेलेल्या आप्तांमुळे.

होडीचा प्रश्न मात्र शहाणपणाच्या चार गोष्टी सांगून सुटणारा नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील ३३ गावांना झळ पोहोचली. तेथील अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना, नातलग गाठायला बोटीवाचून मार्ग नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी संक्रांतीला भुषा येथे नर्मदेत भाविकांची बोट उलटली. बोटीत क्षमतेहून जास्त, साठाच्या आसपास माणसे होती. किमान सहा जण दगावले. त्या बोटीत चढू नका, असे त्यांना सांगणे सोपे आहे. पण दुसरी बोट कोठे होती? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी आणि जीवरक्षक साधने बंधनकारक केली आणि बिनयंत्राच्या होड्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची मुभा राज्याला दिली. प्रत्येक धक्क्यावर बोटीची क्षमता मराठी आणि पावरी-भिलोरीतून रंगवणे आणि बोटीत जेवढी माणसे तेवढी जाकिटे ठेवणे, यासाठी आणखी कायद्याची गरज नाही.