विकला तर पाच वर्षे, सोडला तर पन्नास रुपये



वलगावहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंधार पडला की जनावरे डांबरावर येऊन बसतात. दिवसभराच्या उन्हाने डांबर गरम असते, चिखल नसतो, माशा कमी असतात. एखाद्याच्या शिंगांवर पोळ्याची बेगड अजून चिकटलेली दिसते. कानात पिवळा बिल्ला मात्र बहुतेकांच्या नाही. ज्या जागी तो असायचा तिथे कान फाटलेला किंवा कापलेला आहे. हा बिल्ला आपोआप पडत नाही. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावर विकता येत नाही आणि वाहनातून नेताही येत नाही. त्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो आणि नंबरावरून मालक सापडतो. मालक सापडू नये म्हणून कात्री लागते.

या रस्त्यावरून गाडीने जाणारा शहरातला माणूस हॉर्न वाजवतो आणि म्हणतो, या शेतकऱ्यांना माणुसकी नाही. जन्मभर राबवून घेतले आणि म्हातारपणी हाकलून दिले. त्याच माणसाच्या गल्लीत हौसेने आणलेले विलायती कुत्रे आजारी पडले की गावाच्या शिवेवर आणून सोडले जाते आणि आपल्या शेळ्यांमागे लागते, ते त्याला दिसत नाही. ते राहू द्या. त्याने विचारलेला प्रश्न खोटा नाही. जनावर पाळायचे, त्याच्या जिवावर पीक काढायचे आणि ते थकले की दावे सोडून द्यायचे, हे पाप आहे. या पानावर त्याला दुसरे नाव मिळणार नाही. पण पापाचा हिशेब लावायचा तर पूर्ण लावू.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालचा आहे. त्याच्या अकराव्या कलमात लिहिले आहे की जनावराला भुकेने किंवा तहानेने यातना सोसाव्या लागतील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, दंड तेवढाच. दुसरीकडे महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याचे कलम 5 ब आहे. कापला जाईल हे माहीत असताना, किंवा तसे वाटायला कारण असताना, गाय, वळू किंवा बैल विकला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे तुमचा बुढा बैल तुम्ही विकला तर पाच वर्षे, आणि तोच बैल रस्त्यावर उपाशी मरायला सोडला तर पन्नास रुपये. कोणता गुन्हा मोठा हे सरकारने स्वतःच आकड्यांत सांगून ठेवले आहे. आणि पुन्हा शेतकऱ्याने विकण्याऐवजी सोडायचा मार्ग धरला म्हणून त्याला माणुसकी शिकवायची!

हे नेहमीच असे नव्हते. 1976 च्या मूळ कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, बैलाला नव्हती. बैल शेतीच्या कामाचा राहिला नाही, असा दाखला मिळाला की तो विकता येत असे. 1958 साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले होते की कामाच्या न राहिलेल्या बैलांवर सरसकट बंदी घालणे वाजवी नाही. 1995 साली आपल्या विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, त्यात बैल आणि वळू आले. ती वीस वर्षे दिल्लीत पडून राहिली. दरम्यान 2005 साली गुजरातच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपले जुने मत फिरवले. राष्ट्रपतींची सही फेब्रुवारी 2015 मध्ये झाली आणि 4 मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैल विकण्याचा शेवटचा दरवाजा बंद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी बंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. खाणाऱ्याला तेवढा दिलासा मिळाला. पाळणाऱ्याच्या वाट्याला काहीच आले नाही.

आता गोठ्यात या. मी शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा जनावराच्या आहाराचे जे गणित पाठ केले, ते इथे मांडतो. साडेतीनशे किलो वजनाच्या गावरान बैलाला पोट भरायला दिवसाला सात-आठ किलो कोरडी वैरण लागते. सात धरा. वर्षाचे अडीच टन होतात. कोरडवाहू ज्वारीच्या एका एकरात बऱ्या सालात दोन-अडीच टन कडबा निघतो. म्हणजे एक बसका बैल एक एकर ज्वारीचा सगळा कडबा खातो. पाच एकरवाल्याची जोडी एकदम थकली तर दोन एकर तिच्यासाठी पेरायची, आणि कामाच्या नव्या जोडीला दोन एकर वेगळी. उरलेल्या एका एकरात कपाशी लावून पोरीचे लग्न करायचे!

आणि ज्वारी तरी कुठे राहिली? आपल्या वऱ्हाडात आधी उंच वाणांची ज्वारी होती. तिची धांडे माणसाच्या डोक्यावर जात, कडब्याच्या गंजीवर वर्ष निघे. 1964 साली सीएसएच-1 हे पहिले संकरित वाण आले, दाणा वाढला आणि धांडा बुटका झाला. पुढे दाण्याला भाव राहिला नाही, पाखरे आणि रानडुकरे आली, सोयाबीन आले, 2002 नंतर बीटी कपाशी आली. सोयाबीनच्या कुटारावर जनावर जगत नाही, पऱ्हाटी तर वैरण नव्हेच. ढेपेचा भाव विचारूच नका. ई-क्लासच्या जमिनी कागदावर आहेत, प्रत्यक्षात त्यांवर घरे, खदानी आणि पुढाऱ्यांच्या संस्था. आखर मोडला, गुराखी मिळत नाही. ज्या वर्षांत गावातून कडबा गेला आणि चराई गेली, त्याच वर्षांत सरकारने हुकूम काढला की आता प्रत्येक बैल मरेपर्यंत तुम्हीच पोसा.

ट्रॅक्टरने बैल काढला, कायद्याचा काय दोष, असे कोणी म्हणेल. ट्रॅक्टरचा वाटा आहेच. पण एक आकडा पाहा. 2012 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे 1 कोटी 55 लाख होते, 2019 मध्ये 1 कोटी 40 लाख राहिले. म्हशी तेव्हाही सुमारे 56 लाख आणि आताही तेवढ्याच. म्हशीच्या रक्षणाला कोणी मोर्चा काढत नाही, तिच्या नावाने आयोग नाही. ती भाकड झाली तरी तिला गिऱ्हाईक आहे, म्हणून शेतकरी ती पाळतो. गोवंशाला वाचवणाऱ्यांनी त्याचा भाव शून्यावर आणला. शून्य भावाची वस्तू दावणीला किती दिवस राहील? आधी म्हाताऱ्या बैलाच्या पैशात थोडी भर घालून चांदूरबाजारच्या किंवा परतवाड्याच्या बाजारातून गोऱ्हे आणता येई. आता तेच चक्र मोडले आहे. 2025 च्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या त्रासाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली, तेव्हा कामाचा बैलही बाजारातून परत गोठ्यात आला.

गोरक्षणाचे नाव घेणाऱ्यांना आपल्या मुलखातल्या दोन माणसांची आठवण द्यावी लागते. विनोबांचे आणि आमचे या प्रश्नावर जमणारे नाही. पण एप्रिल 1979 मध्ये त्यांनी पवनारला गोवधबंदीसाठी उपवास केला तो स्वतःच्या पोटावर. 1982 पासून त्यांच्या माणसांनी देवनारच्या कत्तलखान्यापुढे सत्याग्रह केला तेव्हा तुरुंगात तेच गेले. गाडगेबाबांनी देवापुढचे बळी बंद व्हावेत म्हणून रान उठवले आणि मूर्तिजापूरला गोरक्षण उभे केले ते दारोदार मागून आणि स्वतः राबून. 20 डिसेंबर 1956 रोजी ते गेले ते आपल्या वलगावजवळ, पेढीच्या पुलाशी. त्याच पुलावरून आज गळ्यात गमछा टाकून गाड्या अडवणारे जातात. त्यांच्या घरी एक बुढा बैल बांधलेला दाखवा, मी त्यांच्या पाया पडेन. यांना उपवास करायचा आहे तो शेतकऱ्याच्या पोटावर.

सरकारचे औदार्यही पाहून घ्या. 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये देण्याचे ठरले. चांगले झाले. एका जनावराला दिवसाला किमान 50 रुपये लागतात हे सरकारने लेखी कबूल केले. वर्षाचे होतात 18 हजार 250. बैल बारा-तेरा वर्षांचा झाला की जू सोडतो आणि नीट खायला मिळाले तर आणखी सहा वर्षे जगतो. सहा वर्षांचे 1 लाख 9 हजार 500 रुपये, सरकारच्याच दराने. हे पैसे गोशाळेला मिळतात, ज्याच्या दावणीला जनावर जन्मले त्याला एक रुपया नाही. आणि घोषणा आहे गाईची. बैल कोणाचा बाप ठरलेला नाही.

7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट जनावरे उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश दिला. रस्त्यावर गाडी आपटली की जनावर दिसते. तुरीत शिरलेले जनावर कोणाला दिसत नाही. रोह्याने किंवा रानडुकराने पीक खाल्ले तर वनखात्याकडे अर्ज तरी करता येतो. मोकाट बैलाने खाल्ले तर? 1871 सालचा कोंडवाड्याचा कायदा आहे. जनावर कोंडा, सात दिवस वाट पाहा, सूचना काढा, पुन्हा वाट पाहा, मग लिलाव करा. बिनकामाच्या बैलाच्या लिलावात बोली कोण लावणार? ग्रामपंचायतीने तोवर चारा कोणाच्या पैशाने घालायचा? म्हणून गावोगाव कोंडवाड्याच्या भिंती पडल्या आणि कोणी उभारल्या नाहीत.

सरकारचे झाले, आता आपले.

दावे सोडले की बैल जातो कुठे? ज्याच्या शेताला तारेचे कुंपण आणि झटका मशीन आहे, त्याच्याकडे जात नाही. तो जातो ज्याच्याकडे काट्यांची कुपाटी सुद्धा धड नाही त्याच्याकडे. तीन एकरवाली एकटी बाई, तिच्या तुरीत. तिचा नवरा नाही, पोरगा पुण्याला. रात्री कंदील आणि डबा घेऊन ती धुऱ्यावर बसते, मोकाट जनावरे या बाजूने हाकलली की त्या बाजूने येतात. वलगावच्या शिवारात अशीच एक माय मला म्हणाली, "भाऊ, कोनाचा बैल हाये थे मले मालूम हाये. पन त्याले कसं म्हनू? त्याच्याच घरी मजुरीले जातो." कर्जाचा, कायद्याचा, भावाचा सगळा भार सरकारने आपल्यावर टाकला, हे आपण तीस-चाळीस वर्षे ओरडून सांगतो. मग आपणही आपला भार आपल्याहून गरिबावर टाकतो, तेही रात्री, कान कापून. याला कोणता धडा म्हणायचे? सरकार लुटते म्हणून शेजाऱ्याला लुटायची परवानगी कोणी दिली?

बैलाचाही विचार करा. घरी वाढलेले जनावर मोकाट जगू शकत नाही. त्याला चरायची जागा नाही, म्हणून ते कचऱ्यातली प्लास्टिकची पिशवी खाते. ती पोटात साठते, रवंथ बंद होते आणि महिनोन् महिने ते झिजून मरते. पेढीपलीकडे भातकुली-दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात माणसाला गोड पाणी मिळत नाही, तिथे मोकाट जनावराला दिवसाचे तीस-चाळीस लिटर कोण पाजणार? 2022 ला लंपी आली तेव्हा बांधलेल्या जनावरांना लस टोचून घेतली. सुटलेल्यांना कोणी धरले? कत्तलखान्यातले मरण वाईट म्हणणाऱ्याने हे मरण एकदा पूर्ण पाहावे.

उत्तर प्रदेशाचे उदाहरण डोळ्यासमोर आहे. डिसेंबर 2018 मध्ये अलीगढ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मोकाट जनावरे हाकत नेऊन सरकारी शाळांत कोंडली. तेव्हा सरकार जागे झाले. ऑगस्ट 2019 पासून तिथे मोकाट जनावर स्वतःच्या दारी पोसणाऱ्याला दिवसाला 30 रुपये द्यायचे ठरले, पुढे ते 50 केले. पैसे वेळेवर मिळत नाहीत अशी तिथे तक्रार आहे, पण शेतकऱ्याच्या गोठ्याला पैसे द्यायचे हे तत्त्व एका सरकारने मान्य केले आहे. आपल्या सरकारला ते मान्य करायला काय अडचण?

मागणी साधी आहे. बैल आणि वळू यांच्यापुरता 1976 चा कायदा परत आणा, दाखल्यासकट. ते करायची छाती नसेल तर ज्याच्या दावणीला बारा वर्षांवरचा बैल आहे, त्याला बिल्ल्याच्या नंबरावर दिवसाला 50 रुपये द्या. दोन्ही करायचे नसेल तर कलम 5 ब गुंडाळून ठेवा आणि आम्हाला माणुसकी शिकवू नका. पण ही मागणी कापलेल्या कानाने करता येणार नाही. ज्याचा बिल्ला कानात आहे, तोच तहसीलसमोर बैल घेऊन उभा राहू शकतो.

म्हणून जिल्हा बैठकीला येणाऱ्या प्रत्येक गावाने एका कागदावर लिहून आणावे: गावात कामातून गेलेले बैल आणि गोऱ्हे किती, त्यांचे बिल्ला नंबर कोणते, कडबा कोणाकडे किती शिल्लक आहे, ई-क्लासची जमीन सातबाऱ्यावर किती आणि मोकळी किती, आणि या हंगामात मोकाट जनावरांनी कोणाचे किती पीक खाल्ले. कोणाचा बैल होता हे लिहिण्याची गरज नाही. बैठकीनंतर ज्यांना बैल सोबत आणायचे असतील त्यांनी चाऱ्याची आणि पाण्याची सोय घरून करून यावे, कारण तहसीलच्या आवारात दोन दिवस तरी थांबावे लागेल.