गप्पी सोडण्याआधी पाण्याची वाट बघा

आमच्या पोफळीच्या बागेत चिऱ्यांनी बांधलेली जुनी तळी आहे. तिच्यातला एकही मासा आम्ही आणून सोडलेला नाही. पहिल्या मोठ्या पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, फुगतो, त्याचं पाणी शेतातून आमच्या पाटाला येऊन मिळतं. चढणीचे मासे शेतात घुसतात ते याच वाटेनं, आणि त्यांच्याबरोबर बारीक मासळी तळीत येऊन राहते.

त्यात माझा सर्वांत लाडका बोटाएवढा आहे. शास्त्रज्ञ त्याला ॲप्लोचायलस लिनिएटस म्हणतात. अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, मागच्या भागात काळसर उभे पट्टे, मादीचे जास्त ठळक. काठावरून बघावं तर आधी दिसतो तो डोक्यावरचा चकाकता ठिपका. त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं. डासाची अळी श्वासासाठी पाण्याच्या वर येते आणि हा नेमका तिथंच दबा धरून असतो. मादी पाणवनस्पतींच्या मुळांत थोडी थोडी अंडी चिकटवते. पिल्लं बाहेर यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून मी तळी कधीच पूर्ण खरवडू देत नाही.

दर पावसाळ्यात डासांवर उपाय म्हणून अशा तळ्यांत गप्पी मासे सोडा, असा आग्रह होतो. मला तो मान्य नाही. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. आणि एकदा संग झालेली मादी नर नसतानाही पुढं काही महिने विते. म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर एक मादी वाहून गेली तरी पुरे. मासे ज्या पाटानं तळीत येतात, त्याच पाटानं गप्पी पऱ्यात जाणार. डासांसाठीच १९२८ मध्ये भारतात आणलेला गॅम्बुसिया मासा आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे.

डेंग्यूची भीती मलाही आहे. पण त्याचा डास वाढतो करवंटीत, टायरात, झाकण नसलेल्या पिंपात. तिथं आठवड्याचा कोरडा दिवस नेटानं पाळायला हवा. बंदिस्त हौदात गप्पी खुशाल सोडा. मात्र तळी, विहीर, पाट दिसला की ‘इथलं पाणी पावसात कुठं जातं?’ हे गप्पी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आधी विचारावं, आणि गप्पी पैदास केंद्रातली एक टाकी तरी या आपल्या सोनेरी ठिपक्यांच्या माशासाठी राखावी. सुरुवातीला लागणारे मासे आमच्या तळीतून न्या.