कामांचा बोर्ड ड्राइव्हला जोडा, पण चावी जपून द्या

शिक्षक मित्रांनो, शाळेची कामं नुसत्या व्हॉट्सॲपवर चालवणं आता पुरे. शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायस प्लसची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, सगळे निरोप वर सरकत जातात. मग "सर, ती फाइल पुन्हा टाका ना" सुरू होतं.

ट्रेलोसारख्या बोर्डावर प्रत्येक कामाचं कार्ड करता येतं. कोण करणार, कधीपर्यंत, हे त्यावरच. बोर्ड गुगल ड्राइव्हला जोडला की त्या कामाची फाइलही कार्डालाच लावता येते. फाइल एकच, एकाने दुरुस्ती केली की सगळ्यांना तीच दिसते. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन 2' हा प्रकार बंद! (दोन शिक्षकी शाळेत वहीसुद्धा पुरते, उगाच घोळ नको.)

खरी गोम पुढेच आहे. कार्डाला फाइल लावली म्हणून ती सगळ्यांना उघडेलच असं नाही. परवानगी ड्राइव्हमध्ये द्यावी लागते. इथं आपण कंटाळतो आणि 'लिंक असलेले कोणीही' करून मोकळे होतो. ती लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाते. मग आपल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या एखाद्या पोरीचा आधार क्रमांक, आईचा मोबाईल, बँक खातं, सगळं परक्या माणसासमोर उघडं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, ती काय उगाच?

म्हणून विद्यार्थ्यांची यादी असलेल्या फाइलला एकेका शिक्षकाचा ईमेल टाकूनच परवानगी द्या. कुणाची बदली झाली की त्याच दिवशी नाव काढा. आणि आधार क्रमांक त्या फाइलमध्ये ठेवूच नका.