सभासदाची माहिती, सभासदाचा हक्क



उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात गेलो की आपण काय काय देतो? सात-बारा, आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मोबाईल नंबर. 'इथं सही करा' म्हटलं की सही करून मोकळे होतो. कागद पुढं कोण पाहतं, हे काही विचारीत नाही.

परवा कर्जत तालुक्यातल्या कळंबचे आमचे पाहुणे आले होते. तो भाताचा मुलुख. मुंबईकरांच्या फार्महाऊसांमुळं जमिनीला भाव आलेला. पाहुण्यांनी एके ठिकाणी कर्जासाठी कागद दिले आणि आठवड्यात दलालांचे फोन सुरू झाले. सात-बारा कुणालाही पाहता येतो, हे खरं. पण त्याला फोन नंबर कुणी जोडून दिला?

आमच्या मते इथं दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली, आपला हिशेब आपल्याला दिसला पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या दप्तरातले आपल्या व्यवहाराचे भाग सभासदाला पाहता येतात. लेखी अर्ज करून फी भरली की महिन्याच्या आत नक्कल द्यावी लागते. वजन, कपात, बिल सारं त्यात आलं.

दुसरी, आपली खासगी माहिती तिऱ्हाइताच्या हाती जाता कामा नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. २०२३ साली संगणकावरच्या वैयक्तिक माहितीसाठी कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. अंमल टप्प्याटप्प्यानं व्हायचा आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगणं, मागितल्यास ती दाखवणं, चूक असल्यास दुरुस्त करणं ही माहिती घेणाऱ्याची जबाबदारी त्यात आहे. सूचना मराठीतूनही मागता येते.

कुणी म्हणेल, सहकारात लपवाछपवी कशाला? बरोबर आहे. ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, सभासदांचं रजिस्टर सभासदांना खुलंच हवं. कलम ३२ तेच सांगतं. पण सभासदाला त्याचाच हिशेब दाखवायचा नाही आणि त्याचा नंबर मात्र खत-औषधवाल्याला द्यायचा, हा उलटा कारभार झाला.

म्हणून आमची संचालक मंडळाला विनंती आहे. कोणता कागद कशासाठी घेतो, तो कोण पाहणार, किती वर्षं ठेवणार, याचा मराठी फलक प्रत्येक गट ऑफिसात लावावा. वार्षिक सभेत तसा ठराव यावा. आणि सभासदांनीही सही करण्याआधी एकदा विचारावं, 'साहेब, हे कशासाठी?' विचारण्यात लाज कसली? कारखाना आपलाच आहे.